पहिली आफ्रिकन सफारी: केनियाचा बेत कसा आखावा, पैसे कुठे घालावेत

ताडोबा, पेंच, कान्हा पालथं घातलेल्या माणसाच्या मनात कधीतरी आफ्रिका येतेच. मग चौकशी सुरू होते आणि थोड्याच दिवसांत डोकं गरगरायला लागतं. सात रात्रींच्या सफारीला एक जण दोन लाख सांगतो, दुसरा पाच लाख, आणि दोघांच्या कागदांवर जंगलांची नावं तीच असतात. हा फरक कुठून येतो ते कळलं की निम्मं काम झालं. म्हणून हा लेख केनियापुरता ठेवला आहे. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, साधारण सहा तासांचं. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अडीच तास मागे. इंग्रजी सर्रास चालतं. शिवाय नवख्या माणसाला पहिल्याच फेरीत भरभरून प्राणी दिसावेत, तर मसाई मारासारखी जागा शोधून सापडायची नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. पहिल्या सफारीचा पैसा गाडीवर, ड्रायव्हर-गाइडवर आणि जंगलातल्या दिवसांवर घालावा. खोली, गादी, पोहण्याचा तलाव यांचा नंबर त्यानंतर. पुढचं सगळं या मताला धरून आहे.

आधी महिना ठरवा

बहुतेक जण आधी हॉटेल बघतात आणि मग सुट्टी. केनियाच्या बाबतीत सुरुवात महिन्यापासून करावी, कारण महिन्याबरोबर दर बदलतो, गर्दी बदलते आणि चिखलही.

मसाई मारा राखीव क्षेत्राचं परदेशी पाहुण्यांसाठीचं प्रवेशशुल्क २०२४ पासून असं आहे: जानेवारी ते जून दरडोई दररोज १०० डॉलर, जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. ९ ते १७ वर्षांच्या मुलांना ५० डॉलर. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, असं बारा तासांचं. म्हणजे ३० जूनला जे जंगल शंभरात दिसतं, तेच १ जुलैला दोनशेत. चार मोठ्या माणसांचं कुटुंब माऱ्यात तीन दिवस फिरणार असेल, तर एवढ्या एका तारखेच्या फरकाने १,२०० डॉलर वाढतात.

जुलै ते ऑक्टोबर एवढं महाग का, तर विल्डबीस्टच्या (बैलासारखी शिंगं-डोकं असलेल्या मोठ्या हरणांच्या) स्थलांतरामुळे. साधारण तेरा लाख विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत लाखो झेब्रे व गॅझेल टांझानियातल्या सेरेंगेटीतून गवताच्या मागे फिरत फिरत उत्तरेला येतात आणि या महिन्यांत मारा नदी ओलांडतात. तो देखावा बघायचाच असेल, तर जास्त पैसे मोजावेच लागतील आणि आठ-दहा महिने आधी आरक्षणही करावं लागेल.

आता आपल्या शाळांच्या सुट्ट्यांचा मेळ घाला. एप्रिल-मे हा तिथला लांब पावसाळा असतो, तो मार्चमध्येच सुरू होतो. त्या दिवसांत दर उतरतात, गर्दी ओसरते, आभाळ सुंदर असतं. पण गवत कमरेइतकं वाढलेलं असतं आणि काही कॅम्प बंदही ठेवतात. माऱ्याचा बराच भाग काळ्या मातीचा आहे. आपल्या मराठवाड्यातली किंवा सोलापूरकडची काळी माती पावसात पायाला कशी चिकटते ते ज्याने अनुभवलंय, त्याला वेगळं सांगायला नको. गाडी रुतली की तास-दीड तास गेलाच. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरात आली तर उत्तम, स्थलांतराचे शेवटचे दिवस मिळतात. नोव्हेंबरात आली तर छोट्या पावसाच्या सरी धरून चाला. नाताळात गर्दीही असते आणि दोनशेचा दरही.

मराठी कुटुंबांसाठी माझ्या मते सगळ्यात फायद्याचा काळ म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा. मोठा पाऊस ओसरलेला असतो, जमीन हिरवी असते, दर अजून शंभराचाच असतो आणि महाराष्ट्रातल्या शाळा बहुधा जूनच्या मध्यावर उघडतात. स्थलांतर दिसणार नाही. पण माऱ्यातले सिंह, चित्ते, हत्ती, जिराफ आणि तरस तिथेच राहतात, ते विल्डबीस्टबरोबर निघून जात नाहीत. मुलं नसतील किंवा शाळेच्या बाहेर पडलेली असतील, तर जानेवारी-फेब्रुवारी घ्या. हवा कोरडी, दर शंभराचा आणि गर्दी बेताची.

मग जागा निवडा, पण मोजक्या

आठ दिवसांत सहा जंगलं दाखवणारे कार्यक्रम आकर्षक वाटतात. नकाशा काढून रस्त्याचे तास मोजा, म्हणजे मोह आपोआप कमी होईल. नैरोबी ते मारा गाडीने पाच-सहा तास. मारा ते अंबोसेली एका दिवसात करायचं म्हटलं तर सगळा दिवस रस्त्यावरच जातो. जंगलं वाढवली की गाडीत बसण्याचे तास वाढतात, प्राणी बघण्याचे नव्हे.

पहिल्या फेरीसाठी तीन जागा पुरेत.

मसाई माऱ्याला किमान तीन रात्री द्या, चार दिल्यात तर फारच छान. राखीव क्षेत्र सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचं आहे आणि मारा नदीने त्याचे दोन भाग केले आहेत. नदीच्या पश्चिमेचा भाग म्हणजे मारा ट्रँगल, त्याचा कारभार वेगळी संस्था बघते. तिथे रस्ते आणि शिस्त दोन्ही चांगले आहेत. पूर्वेकडे सेकेनानी आणि तालेक ही गेटं, आणि त्यांच्या बाहेर स्वस्त ते मध्यम दरांचे बरेच कॅम्प आहेत.

अंबोसेलीला दोन रात्री. पार्क ३९२ चौरस किलोमीटरचं, लहानसंच, पण मोकळ्या मैदानात हत्तींचे मोठाले कळप आणि मागे ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो. डोंगर टांझानियात आहे, देखावा मात्र इकडून. इथल्या हत्तींचा अभ्यास १९७२ पासून अखंड चालू आहे, त्यामुळे चांगला गाइड तुम्हाला कळपातल्या हत्तिणींच्या वंशावळीबद्दलही सांगू शकतो. किलिमांजारो बहुतेक वेळा ढगांत दडलेला असतो, पहाटे आणि संध्याकाळी डोकं वर काढतो. म्हणून एक रात्र अपुरी पडते. दोन पहाटा मिळाल्या तर एखादी तरी साधते.

अंबोसेलीहून माऱ्याला जाताना मध्ये एक रात्र नाकुरू किंवा नैवाशाला करावी. नाकुरूला गेंडे हमखास म्हणावेत इतके दिसतात, काळे आणि पांढरे दोन्ही. फ्लेमिंगोंसाठी मात्र तिथे जाऊ नका. तळ्याची पातळी गेल्या काही वर्षांत फार चढली आणि पक्षी मोठ्या संख्येने बोगोरियासारख्या दुसऱ्या तळ्यांवर गेले. जुने गुलाबी फोटो अजूनही जाहिरातींत दिसतात, त्यांवर विसंबू नका. नैवाशाला बोटीतून पाणघोडे बघता येतात आणि मुलांना ते फार आवडतं.

सेरेंगेटीही याच फेरीत उरकू, असं मनात येईल. नकाशावर मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना खेटून आहेत, पण मधली सीमा पर्यटकांसाठी बंद आहे. इसेबानियाहून किंवा नमांगाहून वळसा घालावा लागतो. वेगळा व्हिसा, बहुधा वेगळी गाडी, वेगळा ड्रायव्हर. टांझानिया स्वतंत्र फेरीसाठी राखून ठेवा आणि जमल्यास फेब्रुवारीत जा. त्या सुमारास दक्षिण सेरेंगेटीत न्डुटूच्या मैदानावर विल्डबीस्टची लाखो पिल्लं अवघ्या काही आठवड्यांत जन्मतात.

ज्यांना स्वतः गाडी चालवायला आवडते आणि खर्च आटोक्यात ठेवायचा आहे, त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगरचा विचार जरूर करावा. डांबरी रस्ते, आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक, पार्कच्याच आत साध्या खोल्या. पण तिथला व्हिसा, अंतरं, हिशोब सगळं वेगळं आहे, तो विषय या लेखात घेत नाही.

गाडी आणि ड्रायव्हर-गाइड: इथे हात आखडू नका

सफारीच्या गाड्या दोन प्रकारच्या. छत वर उचललं जाणारी लँड क्रूझर आणि तसंच छत असलेली व्हॅन. व्हॅन स्वस्त पडते आणि कोरड्या दिवसांत अंबोसेली-नाकुरूला चालून जाते. माऱ्यासाठी लँड क्रूझरच घ्या. ती उंच असते, चिखलातून निघते आणि छताखाली उभं राहून सगळ्यांना चारी बाजूंनी दिसतं.

माणसं किती, हा हिशोबाचा गाभा आहे. गाडीचं भाडं दिवसाला ठरलेलं असतं, दोघं बसा नाहीतर सहा जण. दोघांनीच अख्खी गाडी घेतली की खर्च चढतो. सहा-सात जण कोंबले की प्रत्येकाला खिडकी मिळते खरी, पण सगळे एकदम उभे राहिले की कोपरं लागतात आणि कॅमेऱ्यावाल्यांची पंचाईत होते. चार ही माझ्या मते नेमकी संख्या. दोन जोडपी, किंवा आई-बाबा आणि दोन मुलं. चौघं जमत नसतील तर ठरलेल्या तारखांच्या, अनोळखी लोकांबरोबरच्या सामायिक सफारी असतात. त्यात एका गाडीत जास्तीत जास्त किती माणसं, हे लेखी विचारा.

ड्रायव्हर-गाइड हा एकच माणूस आठ दिवस तुमच्यासोबत असतो. तो कसा आहे, यावर सगळी सफारी अवलंबून असते. केनिया प्रोफेशनल सफारी गाइड्स असोसिएशन ही तिथली संघटना परीक्षा घेऊन ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड अशा पातळ्या देते. कंपनीला विचारा की आम्हाला कोण मिळणार, त्याची पातळी काय, माऱ्यात तो किती वर्षं काम करतोय. सिल्व्हर गाइडसाठी थोडे जास्त पैसे मागितले तर द्या.

त्या पैशांतून काय मिळतं, ते एका उदाहरणाने सांगते. ताडोब्यात आपण कानांनी वाघ शोधतो, चितळाचा कॉल, वानराचा कॉल. माऱ्याच्या उघड्या माळावर डोळे जास्त लागतात. टोपी नावाचं एक तांबूस-काळसर हरीण तिथे वारुळांवर चढून तासन्‌तास उभं असतं. नवख्याला ते नुसतं ऐटीत उभं असलेलं दिसतं. चांगला गाइड गाडी बंद करतो, दुर्बीण लावतो आणि टोपीकडे न बघता टोपी जिकडे बघतोय तिकडे बघतो. तीन-चार टोपी एकाच दिशेला तोंड करून, चरणं थांबवून, कान पुढे करून उभे असतील, तर त्या रेषेत गवतात कुणीतरी आहे. तो वाऱ्याचा अंदाज घेऊन गाडी रस्त्यानेच थोडी पुढे नेऊन लावतो आणि म्हणतो, थांबू या. वीस मिनिटांनी गवतातून चित्त्याचं डोकं वर येतं. वायरलेसवर "सिंबा, सिंबा" ऐकून जिथे दहा गाड्या जमल्यात तिकडे सुसाट जाणारा ड्रायव्हरही तुम्हाला सिंह दाखवेलच, पण बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या गाड्यांच्या मधून.

आता हिशोब

खालचा हिशोब चार मोठ्या माणसांचा, एका लँड क्रूझरचा, सात रात्रींचा आहे: नैरोबी एक, अंबोसेली दोन, नाकुरू एक, मारा तीन. कॅम्प मध्यम दर्जाचे, तिन्ही वेळचं जेवण धरून. डॉलर सोयीसाठी ९० रुपये धरलाय, तुम्ही जाल तेव्हाचा भाव घाला. शुल्क सोडून बाकीचे आकडे माझे अंदाज आहेत, बेत आखायला पुरतात.

गाडी, ड्रायव्हर आणि डिझेल मिळून दिवसाला साधारण २३० डॉलर. सात दिवसांचे १,६१०, म्हणजे माणशी ४००. पार्कांचं शुल्क जूनमध्ये असं धरा: अंबोसेली दोन दिवसांचे १८०, नाकुरूचे ९०, माऱ्याच्या दोन पूर्ण दिवसांचे २००, एकूण ४७०. (अंबोसेली आणि नाकुरू केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिसकडे आहेत. त्यांनी २०२५ मध्ये दरवाढ जाहीर केली, म्हणून दिवसाला ९० धरलेत. पैसे भरण्याआधी त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर चालू दर बघाच.) राहणं-जेवण: कॅम्पमध्ये माणशी रात्री १२० धरले तर सहा रात्रींचे ७२०, नैरोबीच्या हॉटेलचे ५०, मिळून ७७०. बक्षिसी माणशी ६०. प्रवेश परवान्याचे ३५. बेरीज १,७३५ डॉलर, म्हणजे सुमारे १ लाख ५६ हजार रुपये. विमानाचे ४५ हजार, विमा, लस आणि औषधांचे सहा हजार धरले की माणशी २ लाख ७ हजार.

हीच फेरी ऑगस्टमध्ये केली तर माऱ्याचे २०० वाढतात, कॅम्प रात्रीला १६० च्या घरात जातात, तिकीट ५५ हजारांपर्यंत चढतं. माणशी अडीच लाखांच्या वर. दोन्ही हिशोबांवर दहा टक्के जास्तीचे बाजूला ठेवा.

पाच लाख कुठून येतात, तेही आता कळेल. आलिशान कॅम्प रात्रीला माणशी सहाशे-आठशे डॉलर घेतात, गाडीऐवजी छोटं विमान येतं आणि गरम हवेच्या फुग्यातली सफर साडेचारशे-पाचशे डॉलरची असते. फुगा सुंदर आहे. पण त्याच पैशांत माऱ्यात आणखी दोन दिवस मिळत असतील, तर पहिल्या वेळी मी दिवस घेईन.

खर्च कमी करायचा असेल तर कात्री कुठे लावायची, तेही सांगते. माऱ्यात पोहोचता त्या दुपारी राखीव क्षेत्रात शिरू नका. उरलेल्या दोन-तीन तासांसाठी पूर्ण दिवसाचं तिकीट लागतं. गेटबाहेरच्या कॅम्पमध्ये आराम करा आणि दुसऱ्या दिवशी सहाला गेट उघडताच आत जा. जेवणाचे डबे बरोबर घेऊन संध्याकाळपर्यंत आतच राहा. बारा तासांच्या तिकिटाचे पुरे बारा तास वापरा. अंबोसेलीचं तिकीट चोवीस तासांचं असतं, म्हणून तिथे दुपारी शिरून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कसं वापरता येईल, ते गाइडशी आधी बोलून घ्या.

थोडे जास्त पैसे असतील तर ते माऱ्याला लागून असलेल्या एखाद्या कन्झर्व्हन्सीत दोन रात्रींसाठी घाला. मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोतोरोगी ही त्यांपैकी काही नावं. ही जमीन मसाई कुटुंबांची आहे. कॅम्पवाले ती भाड्याने घेतात आणि दर महिन्याला त्या कुटुंबांना पैसे देतात. गाड्या मोजक्याच सोडतात, गाइडबरोबर पायी फिरता येतं, रात्रीची सफारीही करता येते. राखीव क्षेत्रात या दोन्ही गोष्टींना मनाई आहे. जंगलाशेजारी राहणाऱ्यांच्या हातात पैसा पडला तरच तिथे जंगल टिकतं, आणि इथे तो पडताना दिसतो. मला या व्यवस्थेबद्दल मनापासून आदर आहे.

कोटेशन कसं वाचावं

तीन कंपन्यांकडून कोटेशन मागवा, पण तिघांनाही तोच कार्यक्रम, त्याच तारखा आणि तेवढीच माणसं लिहून पाठवा. नाहीतर तुलना होत नाही. तिथल्या कंपनीकडे टुरिझम रेग्युलेटरी अथॉरिटीचा परवाना आहे का आणि ती केनिया असोसिएशन ऑफ टूर ऑपरेटर्सची सभासद आहे का, हे पाहा.

मग कागदावर बोट ठेवून वाचा. पार्कचं शुल्क धरलंय का, किती दिवसांचं, कोणत्या दराने? "पार्क फी एक्स्ट्रा" ही चार शब्दांचीही नसलेली ओळ माणशी चाळीस-साठ हजारांची असू शकते. गाडी कोणती, किती माणसं, दिवसाला किलोमीटरची मर्यादा आहे का? कॅम्प गेटच्या आत की बाहेर, बाहेर असल्यास गेटपासून किती मिनिटं? पिण्याचं पाणी गाडीत मिळणार का? कॅम्पचं नाव लिहिलंय, की "किंवा तत्सम" लिहून सोडून दिलंय? नाव लिहून घ्या.

आगाऊ रक्कम साधारण तीस टक्के मागतात. ती कंपनीच्या नावच्या खात्यातच भरा, कुणा व्यक्तीच्या खात्यात नको. भारतातल्या कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे कंपनीने ग्राहकाकडून आगाऊ घ्यायचा आयकर, कापला जातो. तो हिशोबात धरा, पावती जपा आणि आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घ्या.

आपल्याकडच्या कंपन्यांच्या गटसफारी वाईट नसतात. ज्येष्ठांना सोबत मिळते, जेवण ओळखीचं मिळतं, कागदपत्रं कुणीतरी बघतं. फक्त चार-पाच गाड्यांचा ताफा एकत्र फिरतो. त्यामुळे बिबट्यापाशी तासभर थांबायचं असेल तर तुमच्या एकट्यासाठी कुणी थांबत नाही.

परवाना, लस, विमा

केनियाने जानेवारी २०२४ पासून जुना व्हिसा बंद करून ईटीए नावाचा ऑनलाइन परवाना सुरू केला. शुल्क ३० डॉलर आणि वर थोडा प्रक्रियाखर्च. सरकारी संकेतस्थळावरूनच अर्ज करा, तसंच दिसणारी आणि दुप्पट पैसे उकळणारी संकेतस्थळं बरीच आहेत. मुलांचाही अर्ज वेगळा. निदान दोन आठवडे आधी करा.

पिवळ्या तापाच्या लसीबाबत मात्र घोटाळा होतो. भारतातून थेट गेलात तर केनियात प्रमाणपत्र कुणी मागत नाही, म्हणून लोक निश्चिंत राहतात. ते परतताना लागतं. केनिया पिवळ्या तापाच्या देशांत मोडतो आणि तिथून सहा दिवसांच्या आत भारतात येणाऱ्याकडे वैध प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतं आणि मग आयुष्यभर चालतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, ठरावीक दिवशी, आधी नाव नोंदवून. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य विभागाची केंद्रं आहेत. दीड-दोन महिने आधी नंबर लावा. अंड्याची ॲलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, साठीच्या पुढचं वय, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. नऊ महिन्यांखालच्या बाळाला ती देत नाहीत.

मलेरियासाठी प्रतिबंधक गोळ्या आधीपासून सुरू करून परतल्यावरही घ्याव्या लागतात. कोणत्या आणि किती दिवस, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. विमा काढताना जंगलातून हवाई रुग्णवाहिकेने हलवण्याचा खर्च त्यात आहे का बघा. केनियात ॲम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्सची ही सेवा आहे आणि पर्यटकांसाठी थोड्या दिवसांची वर्गणीही असते.

बॅगेत काय

मारा विषुववृत्ताजवळ असला तरी दीड हजार मीटरच्या वर आहे. जुलै-ऑगस्टच्या पहाटे उघड्या छताखाली दात वाजतात. स्वेटर, कानटोपी, वाऱ्याचं जाकीट घ्या. कपडे मातकट रंगांचे असावेत. लष्करी छापाचे कपडे अजिबात नकोत, केनियात नागरिकांना ते घालायला बंदी आहे. ड्रोन घरी ठेवा.

प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून कडक बंदी आहे आणि २०२० पासून पार्कांमध्ये एकदाच वापरायच्या बाटल्यांवरही. आपल्या घरून निघणारे चिवड्याचे, चकल्यांचे, दशम्यांचे पुडे पिशव्यांतच बांधलेले असतात, म्हणून हे लक्षात ठेवा. डबे आणि कापडी पिशव्या वापरा. माणशी एक स्टीलची बाटली घ्या.

शाकाहाऱ्यांनी काळजी करू नये. केनियात गुजराती समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे, नैरोबीत उत्तम शाकाहारी जेवण मिळतं आणि कॅम्पचे स्वयंपाकी चपाती, डाळ, भाजी नीट करतात. आरक्षणाच्या वेळीच लिहून कळवा, अंडं चालतं की नाही तेही. अडचण दुपारच्या डब्याची होते. त्यात उकडलेला बटाटा आणि केळं एवढंच येण्याची शक्यता असते. तिथे मेतकूट, चटणी आणि खाकरे कामाला येतात.

दुर्बीण माणशी एक हवी, आठ किंवा दहा पटीची. मोठा कॅमेरा नेत असाल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून त्याचं निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना तो नवा घेतलाय का, हा वाद होत नाही. लेन्स टेकवायला रिकामी कापडी पिशवी न्या आणि नैरोबीत तांदूळ घेऊन भरा. छोट्या विमानाने जाणार असाल तर माणशी पंधरा किलो आणि तेही मऊ बॅगेत, हा नियम काटेकोर पाळतात. प्लग तिथे जाड, चौकोनी पायांचे, तीन पिनांचे असतात. डॉलरच्या जुन्या नोटा कुणी घेत नाही, २०१३ नंतरच्या न्या.

माळावर

माऱ्याचे नियम ड्रायव्हरला पाठ असतात, पण ते मोडायचा आग्रह अनेकदा पाहुणेच करतात. एका प्राण्यापाशी पाचच गाड्या, इतर थांबलेले असतील तर दहा मिनिटं, किमान पंचवीस मीटर अंतर, रस्ता सोडून गवतात गाडी घालायची नाही. चित्ता दिवसा शिकार करतो आणि गाड्यांनी घेरलं की त्याची शिकार हुकते, पिल्लं उपाशी राहतात. "थोडं अजून जवळ घ्या ना" असं म्हणायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. ड्रायव्हरला बक्षिसीची आशा असते, त्यामुळे त्याला तुम्हाला नाही म्हणणं जड जातं.

नदीवर विल्डबीस्ट उतरण्याची वाट बघायची तर पाणी, खाणं आणि सोशिकपणा बरोबर घ्या. कळप काठावर जमतो, धूळ उडते, पुढचे चार-सहा पाण्यापर्यंत उतरतात, हुंगतात आणि काहीच कारण न दिसता सगळा कळप माघारी वळतो. असं दिवसभर चालू शकतं. गाड्या काठाला खेटून उभ्या राहिल्या तर ते उतरतच नाहीत. म्हणून चांगला गाइड लांब, झुडपांच्या मागे गाडी लावतो आणि पहिले काही पाण्यात पडल्यावरच पुढे घेतो.

बिग फाइव्हची (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि आफ्रिकी रानम्हैस) यादी गाइडच्या हातात देऊ नका. ती मुळात बंदुकवाल्यांची, पायी शिकार करायला सर्वांत धोक्याचे प्राणी कोणते त्याची. केनियात शिकारीला १९७७ पासून बंदी आहे. यादीतला गेंडा गाठायच्या नादात चित्ता, तरसांची बिळं, नीलपंखाचा जांभळ्या छातीचा आफ्रिकी भाऊबंद, सगळं मागे पडतं. पहिल्या सकाळीच गाइडला सांगा की आम्हाला घाई नाही, जे दिसेल तिथे थांबू. हे ऐकून त्याचा चेहरा खुलतो आणि पुढचे दिवस तो स्वतःहून जास्त दाखवतो.

बक्षिसी शेवटच्या दिवशी, पाकिटात घालून, हातात द्या. ड्रायव्हर-गाइडला सगळ्या गटाकडून दिवसाला वीस डॉलरच्या आसपास. कॅम्पमध्ये बहुधा एक पेटी असते, तिच्यातले पैसे स्वयंपाकी, पहारेकरी, धुणंवाले सगळ्यांत वाटले जातात.

परतीच्या दिवसाचं विमान रात्री आठनंतरचं घ्या. माऱ्याहून सकाळी आठला निघालात की नारोकला चहा, रिफ्ट व्हॅलीचा चढ आणि मग नैरोबीची वाहतूक. नकाशावरचे सहा तास सहज आठ होतात. पिवळ्या तापाचं प्रमाणपत्र पासपोर्टसोबत हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. मुंबईला उतरल्यावर सामान हाती येण्याआधीच आरोग्य विभागाच्या खिडकीवर ते दाखवावं लागतं.